नॉटपेड

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘आधुनिक उपकरणे आणि आपण’ असा छापला आहे. हे भारदस्त नाव चिटणीसांनी दिलं. मी त्यांना फोनवर एवढंच म्हटलं होतं की, मला नॉटपेड पत्रांबद्दल बोलायचंय. ते म्हणाले, “काका, नॉटपेड म्हणजे काय हे आता कुणाला कळणार?” त्यांचं बरोबर आहे. पुढच्या रांगेत बसलेल्यांना कळेल, मागे मोबाइल बघत बसलेल्यांना कळणार नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी अडतीस वर्षं टपाल खात्यात काढली. तिकीट न लावता किंवा कमी तिकीट लावून कुणी पत्र पेटीत टाकलं, तरी खातं ते फेकून देत नसे. ते पत्त्यावर जायचंच. पण जेवढं तिकीट कमी असेल त्याच्या दुप्पट रक्कम पत्र घेणाऱ्याकडून वसूल व्हायची. ते नॉटपेड पत्र. इंदूर-ग्वाल्हेरकडची आपली मंडळी त्याला बैरंग म्हणत. इंग्रजी ‘बेअरिंग’चंच ते हिंदी रूप. पोस्टमन दारात उभा राहून सांगायचा, “नॉटपेड आहे, पैसे द्या.” मग घरात छोटी सभा भरायची. कुणाचं आहे? अक्षर कुणाचं? घ्यायचं की परत पाठवायचं? नको असेल तर नाकारण्याचा हक्क होता.

हे पत्र म्हणजे एका फार जुन्या पद्धतीचं उरलेलं शेपूट होतं. तिकिटं निघण्याआधी विलायतेत पत्राचे पैसे बहुधा घेणाराच देत असे, आणि तेही अंतर मोजून. लंडनला नोकरी करणाऱ्या मुलाचं पत्र गावातल्या गरीब आईला परवडायचं नाही. मग लोकांनी युक्त्या काढल्या. पाकिटावर ठरलेली खूण करायची. आईनं खूण बघायची, मुलगा खुशाल आहे हे समजून घ्यायचं आणि पत्र न घेता परत करायचं. 1837 साली रोलंड हिल नावाच्या गृहस्थांनी एक पुस्तिका लिहून सुचवलं की, पैसे पाठवणाऱ्यानं आधी द्यावेत, दर कमी असावा आणि देशभर एकच असावा. त्यातून 1840 च्या मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट निघालं. आपल्याकडे 1854 साली देशभरासाठी तिकिटं आली. हलकं पत्र अर्ध्या आण्यात, मग ते कलकत्त्याला जावो की मुंबईला. 1879 साली पोस्टकार्ड आलं, पाव आण्याचं.

सगळे म्हणतात, तिकिटामुळे टपाल स्वस्त झालं. ते खरंच आहे. पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट ही की, तिकिटानं खर्चाची दिशा बदलली. ज्याला बोलायचंय त्यानं पैसे मोजायचे, ज्यानं ऐकायचंय त्यानं नाही. पैसे मोजायचे म्हटले की माणूस क्षणभर थांबतो. काय लिहू, कुणाला लिहू, लिहू की नको, असा विचार करतो. ते क्षणभर थांबणं कुठं गेलं, एवढंच मला आज विचारायचंय.

आता टपालाकडून कॅमेऱ्याकडे येतो. तिथंही हिशोब हाच होता.

फोटोचं आणि आपल्या बडोद्याचं नातं जुनं. दादासाहेब फाळके इथं सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात शिकले, आणि सिनेमाच्या आधी त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला. एवढं लांबही जायला नको. तुमच्यापैकी अनेकांच्या माळ्यावर ‘आगफा क्लिक थ्री’ कॅमेरा पडलेला असेल. काळा, हलका, चामड्याच्या पिशवीतला. तो आपल्याच गावात तयार व्हायचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात. आमच्या वडिलांनी घेतलेला कॅमेरा तोच. त्यात 120 नंबरचा रोल बसायचा आणि चौकोनी फोटो निघायचे फक्त बारा. ऊन असेल तर सूर्याच्या चित्रावर खटका, आभाळ असेल तर ढगाच्या चित्रावर. बाकी सगळं देवाच्या हवाली.

बारा फोटो! एका रोलमध्ये दिवाळी, मुंज, कुणाचं तरी डोहाळजेवण आणि पुढच्या वर्षीचा गणपती, एवढं सगळं बसवायचं. वडील म्हणायचे, “आता हालू नका, एकच काढणार आहे.” मग आम्ही दहा-बारा जण श्वास रोखून उभे. कुणाचे डोळे मिटले तर ते जन्मभर मिटलेलेच. रोल संपायला चार-सहा महिने लागायचे, तो रावपुऱ्यात धुवायला टाकायचा आणि चार दिवसांनी पाकीट आणायला सगळ्यांनी जायचं. दुकानाच्या पायरीवरच पाकीट फुटायचं. घरी आल्यावर आई प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहायची: कोण, कुठं, कधी.

पुढे पस्तीस मिलिमीटरचा छत्तीस फोटोंचा रोल आला, तेव्हा आम्हाला कुबेर झाल्यासारखं वाटलं. आणि मग रोलच गेला. याची गंमत अशी की, रोलचा धंदा ज्या कोडॅकवर उभा होता, त्याच कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं 1975 साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक काळं-पांढरं चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद! कंपनीनं ते गांभीर्यानं घेतलं नाही असं म्हणतात. 2012 च्या जानेवारीत त्याच कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ते असो. आपल्या दृष्टीनं बदल एवढाच झाला की, फोटो काढण्याचा खर्च शून्यावर आला.

खर्च शून्यावर आला याचा अर्थ खर्च नाहीसा झाला, असा नाही. तो दुसऱ्यावर ढकलला गेला. पूर्वी फोटो काढणारा निवड करायचा, आता ती बघणाऱ्यानं करायची. लग्नाला जाऊन आलेले तुमचे मेहुणे एका रात्रीत दोनशे फोटो पाठवतात. त्यातले एकसारखे सतरा काढून टाकायचं काम तुमचं. म्हणजे फोटोही आता नॉटपेड झाला.

तिसरी गोष्ट ईमेलची. ईमेल आलं तेव्हा आम्ही टपालवाले धास्तावलो होतो, पण खरं सांगतो, मला ते फार आवडलं. अमेरिकेतल्या पुतण्याला लिहिलेलं पत्र आठ-दहा दिवसांऐवजी क्षणात पोचतं, हे टपाल खात्यातल्या माणसाला जेवढं नवल वाटेल तेवढं दुसऱ्या कुणाला वाटणार नाही. पण त्यावर तिकीट नव्हतं. आणि तिकीट नसलं की काय होतं, हे फार लवकर दिसलं. 3 मे 1978 रोजी, इंटरनेटचा जन्मही नीट झालेला नसताना, अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यानं त्या काळच्या ‘आर्पानेट’वरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या यंत्राची जाहिरात एकदम पाठवली. लोक संतापले. पण काही यंत्रं विकलीही गेली! पुढचं सगळं रामायण या एका वाक्यात आहे.

अशा कचरा-पत्रांना ‘स्पॅम’ म्हणतात. स्पॅम म्हणजे मुळात अमेरिकेतलं डब्यातलं मांस. ‘माँटी पायथन’ या इंग्रज विनोदी मंडळींनी 1970 साली टीव्हीवर एक प्रहसन केलं. त्यातल्या खानावळीत काहीही मागा, बरोबर स्पॅम येतोच, आणि ते नाव इतक्या वेळा घेतलं जातं की दुसरं काही ऐकूच येत नाही. नको असलेल्या संदेशांना ते नाव चिकटलं, ते बरोबरच चिकटलं. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आज तेच चाललंय: कर्ज घ्या, प्लॉट घ्या, लॉटरी लागली, वीज तोडतो, केवायसी करा.

शहाण्या लोकांनी यावर विचार केला नाही असं नाही. ईमेललाही एक तिकीट असावं, ही कल्पना 1992 पासून संशोधकांनी मांडली. पैशाचं नव्हे, तर मेहनतीचं. म्हणजे प्रत्येक पत्र पाठवण्याआधी संगणकानं एक छोटं गणित सोडवायचं. एका पत्राला ते जाणवणारही नाही, पण दहा लाख पत्रं पाठवणाऱ्याची यंत्रं थकतील. बिल गेट्स यांनी 2004 साली दाव्होसला जाहीर केलं की, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. त्यांच्याही मनात असाच काहीसा तिकिटाचा विचार होता. दोन वर्षं कधीच उलटली. तिकीट काही आलं नाही. कारण भामटे दुसऱ्यांचेच संगणक पळवून त्यांच्याकडून पत्रं पाठवू लागले. गणिताची मेहनत कुणा तिसऱ्याच्या माथी. आता चाळण्या लावल्या आहेत. त्या बराच कचरा अडवतात, पण कधी कधी कचऱ्याबरोबर धान्यही जातं. म्हणून आठवड्यातून एकदा ती स्पॅमची पेटी उघडून बघत जा, एवढं सुचवतो.

भामटेगिरी काही नवी नाही. एक श्रीमंत माणूस परदेशी तुरुंगात अडकलाय, थोडी मदत करा, मोठं बक्षीस मिळेल, अशी पत्रं युरोपात एकोणिसाव्या शतकातही जात. ‘स्पॅनिश कैदी’ असं त्या फसवणुकीचं नावच पडलंय. पण त्या भामट्याला प्रत्येक पत्र हातानं लिहावं लागे आणि प्रत्येकाला तिकीट लावावं लागे. त्याला माणसं निवडावी लागत. आजच्या भामट्याला निवडायचं कारण नाही. लाखांना पाठवलं आणि एक जण फसला तरी त्याचं भागतं. तुम्हाला फोनवर कुणी पोलिसाच्या वेशात दिसला आणि तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केलंय म्हणाला, तर घाबरू नका. तसा काही प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लाज वाटून गप्प बसू नका. लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. जाहिरातींचे फोन नको असतील तर 1909 वर नोंद करता येते. आमच्या काळात नॉटपेड पत्र दारातच नाकारता यायचं, तसाच हा नाकारण्याचा हक्क आहे. तो वापरा.

इथवर मी परक्यांबद्दल बोललो. विक्रेते, भामटे, कंपन्या. इथंच थांबलो असतो तर भाषण सोपं झालं असतं, आणि तुम्ही टाळ्याही वाजवल्या असत्या. पण मी आज इथं उभा आहे तो दुसऱ्याच कारणासाठी.

इंदूरला माझा मावसभाऊ होता. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आम्ही सगळे त्याला नाना म्हणायचो. चाळीस वर्षं आमचा पोस्टकार्डाचा रिवाज होता. पंधरा दिवसांनी त्याचं कार्ड यायचं, पंधरा दिवसांनी माझं जायचं. बारीक अक्षर, पत्त्याच्या बाजूलाही थोडं घुसवलेलं, आणि शेवटी कडेनं आडवं ‘वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद’. पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांना मिळतं बरं का! पण फोन आले तशी आमचीही कार्डं थांबली. कुणी ठरवून थांबवली नाहीत.

मग घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. बडोदा, इंदूर, पुणे, बेळगाव, न्यू जर्सी. छप्पन्न माणसं. पहिले दोन महिने आनंदाचे गेले. नंतर रोज सकाळी पंचवीस-तीस फुलं, सूर्योदय, सुविचार, औषधी काढे आणि राजकारण. मी तो ग्रुप ‘म्यूट’ केला. पण मी काही साधू नव्हतो. मी स्वतः एक यादी केली होती, एकशे चाळीस नावांची. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, चहा उकळेपर्यंत, एक चित्र निवडायचं आणि बोटाच्या एका स्पर्शात एकशे चाळीस जणांना ‘शुभ प्रभात’. मला वाटायचं, सगळ्यांशी संबंध टिकवून आहे.

गेल्या मार्गशीर्षात एका शुक्रवारी धाकट्या मावसबहिणीचा फोन आला. म्हणाली, “दादा, तू आला नाहीस?” मी विचारलं, “कुठं?” ती काही बोलेना. नाना मंगळवारी पहाटे गेला होता. त्याच्या मुलीनं सकाळीच ग्रुपवर कळवलं होतं. बातमी तीन दिवस माझ्या खिशात होती. त्या मंगळवारी रात्रीच्या गाडीत बसलो असतो तर सकाळी इंदूरला पोचलो असतो. अंत्यदर्शन झालं नसतं, पण अस्थी वेचायला तरी मी तिथं असतो.

मी फोन उघडून ग्रुप वाचला. बातमीखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग होती आणि रांगेच्या मध्येच कुणाचं तरी गुलाबाचं फूल, त्यानं वर वाचलंच नव्हतं. मला त्याचा राग आला. मग मी नानाच्या नावाचं पान उघडलं. तिथं बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझं चित्र गेलेलं होतं. कमळाच्या पानावर दव आणि खाली ‘आजचा दिवस आनंदात जावो’. गुरुवारीही होतं. शुक्रवारीही. तिन्हींपुढे निळ्या खुणा. म्हणजे नानाचा फोन हातात घेऊन बसलेल्या त्याच्या मुलीनं ती तिन्ही उघडून पाहिली होती.

मी इंदूरला गेलो. मुलीसमोर बसून मला काही बोलता येईना. तिनंच माझी सोडवणूक केली. म्हणाली, “काका, बाबा ती चित्रं उघडतच नसत. त्यांच्याकडेही रोज शंभर यायची. पण थांबा.” आणि तिनं आतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. त्यात माझी कार्डं होती, दोऱ्यानं वर्षवार बांधलेली.

मंडळींनो, मी त्याला चार वर्षं रोज संदेश पाठवला. हजाराच्या वर झाले असतील. त्यातला एकही त्या डब्यात जाण्याच्या लायकीचा नव्हता.

बडोद्याला परत आल्यावर मला आम्हा दोघांचा एक फोटो हवा होता. फोनमध्ये माझे अकरा हजार फोटो आहेत. दोन दिवस शोधले. एका लग्नाच्या घोळक्यात मागे नानाचं अर्धं डोकं सापडलं. मग माळ्यावरची पेटी काढली. एक चौकोनी फोटो निघाला: कमाटी बागेत बँडस्टँडजवळ दोन पोरं, एकाच्या चपलेचा अंगठा तुटलेला. मागे आईच्या अक्षरात, ‘नाना व बंडू, कमाटी बाग, दिवाळी 1968’. बारातला एक.

ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा माझी नात माझ्याशी भांडली, आणि तिचं म्हणणं तुमच्यापुढे मांडलं नाही तर तो अन्याय होईल. ती म्हणाली, “आजोबा, त्या बारांतल्या चार फोटोंत डोकी कापलेली आहेत, ते तुम्ही सांगत नाही. पणजीचा तरुणपणचा एकही फोटो नाही, कारण रोल महाग होता आणि बायकांवर कोण खर्च करणार? आणि तुमचं पोस्टकार्ड लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी होतं. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताई शाळेत गेल्या नाहीत, पण गावातल्या आईला रोज आवाजात निरोप पाठवतात, फुकट. तो बंद करायचा का?”

मी निरुत्तर झालो. तिचं खरं आहे. महागाईनं जे थांबायचं त्यात कचरा होता, तशी माणसंही होती. रोलंड हिलनं तरी काय केलं? गरीब आईला मुलाचं पत्र मिळावं म्हणूनच टपाल स्वस्त केलं. फुकट बोलता येणं ही गरिबाला मिळालेली मोठी गोष्ट आहे, ती माझ्या हळहळीपायी परत घ्यायची नाही.

पण मग मला उमगलं की, त्या ताई आपल्या आईला जो निरोप पाठवतात तो नॉटपेड नाहीच. एका माणसानं एका माणसासाठी, नाव घेऊन, दोन मिनिटं देऊन बोललेला तो निरोप आहे. त्याला तिकीट लावलेलं आहे. पैशाचं नाही, वेळेचं. आणि माझ्या कमळाच्या पानाला ते नव्हतं. मी एक सेकंद दिला आणि एकशे चाळीस लोकांकडून एकेक सेकंद वसूल केला. नॉटपेड पत्रावर दुप्पट आकार असायचा, मी एकशे चाळीसपट लावला.

आपण सगळेच हे करतो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. 2018 च्या सुमारास गूगलच्या लोकांना प्रश्न पडला होता की, भारतातल्या लोकांचे फोन इतके लवकर का भरतात. शोधलं तर उत्तर निघालं ‘गुड मॉर्निंग’ची चित्रं! त्याच वर्षी व्हॉट्सॲपनं आपल्याकडे एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल असं बंधन घातलं, आणि 2020 साली फार फिरलेल्या संदेशाला ते एकावर आणलं. अफवांनी माणसं मारली गेली, तेव्हा कुठं हे शहाणपण आलं. पण तेही एक प्रकारचं तिकीटच, नाही का? थोडी अडचण. थोडं थांबणं.

आता मी काय करतो ते सांगतो. उपदेश म्हणून नव्हे. तुमच्या सोयीचं असेल तेवढं घ्या.

ती एकशे चाळीसांची यादी मी पुसून टाकली. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत एकाच माणसाला लिहितो, नावानं. “गुडघा कसा आहे?”, “त्या दिवशीचं सेव-उसळ बाधलं नाही ना?” एवढंच. एकशे चाळीस लोकांना फिरून नंबर यायला पाच महिने लागतात. पण उत्तर येतं. पूर्वी अंगठा यायचा.

काही पुढे पाठवायचा मोह झाला तर मनाशी विचारतो, यासाठी मी पन्नास पैशांचं कार्ड आणून पत्ता लिहिला असता का? शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा उत्तर नाही असं येतं.

आमच्या घराण्यानं ठरवलंय, जन्म-मृत्यूची आणि आजारपणाची बातमी फोन करूनच द्यायची. प्रत्येक गावातल्या एकानं आपापल्या गावातल्या बाकीच्यांना सांगायचं. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे लग्नाची ती कंकोत्री आणि निधनाची ती काळोतरी, अशी दोन वेगळी नावंच आहेत. दोन्ही पत्रं एकाच पद्धतीनं येत नसत, हातात घेताच कळायचं. आता दोन्ही एकाच ‘टिंग’नं येतात. तो फरक आपणच राखला पाहिजे.

आणि दर दिवाळीत घरातले सगळे बसून वर्षभरातले बाराच फोटो निवडतो. भांडणं होतात, ती झालीच पाहिजेत. ते कागदावर काढून घेतो आणि मागे मऊ पेन्सिलीनं लिहितो: कोण, कुठं, कधी. बॉलपेन वापरू नका, पुढून वळ उठतात. नातीनं अट घातलीय की, बारांत घरातल्या प्रत्येक बाईचा एक तरी फोटो हवा. मान्य केली.

समारोप करतो. समोर गणराय बसलेत, म्हणून त्यांचीच गोष्ट. व्यासांना महाभारत सांगायचं होतं आणि लेखनिक म्हणून गणपती बसले. गणपतीनं अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. आपण सगळे आज त्या अटीवर चाललोय. बोट काही थांबत नाही. पण त्या गोष्टीत व्यासांचीही एक अट आहे, ती आपण विसरतो. ते म्हणाले, ठीक आहे, पण अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही उतरवायचं नाही. सगळ्यात वेगवान लेखनिकालाही ती अट लागू होती, आणि बाप्पांनी ती मान्य केली होती.

हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत असं चिटणीस म्हणाले. चांगलं आहे. स्मरणिकेतल्या जाहिराती मात्र कचरा समजू नका. दुकानदारांनी त्यांचे पैसे मोजलेत. त्या पेड आहेत.

घरी गेलात की एक करा. ज्याला बरेच दिवस फक्त फुलं पाठवलीत, अशा एका माणसाला आज रात्री फोन लावा. उशीर झालाय असं वाटलं तरी लावा. माझा तीन दिवसांनी झाला.

गणपती बाप्पा मोरया!